नैसर्गिक झीज

घर सोडायच्या आदल्या रात्री मी आमचा करारनामा पहिल्यांदा नीट वाचला. लग्नपत्रिका आपण वाचतो ती मुहूर्त आणि जेवणाची वेळ पाहण्यापुरती. वरच्या कुलदैवतांच्या आणि खालच्या निमंत्रकांच्या रांगांवरून नजर नुसती घरंगळत जाते. करारनाम्याचंही तसंच झालं होतं. भाड्याचा आकडा बरोबर आहे ना आणि आपलं आडनाव चुकलं नाही ना, एवढं बघून आम्ही तो चार वेळा खाली ठेवला होता. आता खोकी बांधून झाली होती, पंख्याखाली एका चटईशिवाय काही उरलं नव्हतं आणि वाचण्यासारखं बाहेर राहिलेलं तेवढंच होतं. तेव्हा कळलं, की कर्वेनगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघी इतकी वर्षं भाडेकरू म्हणून राहिलोच नव्हतो. भाडेकरू हा शब्दच त्या कागदात नव्हता. आम्ही लायसन्सी होतो.

आम्ही म्हणजे नागपूरकर, कोल्हापूरकर आणि मी, रत्नागिरीकर. पुण्यात घर वाटून राहणाऱ्यांना स्वतःची नावं असतात ती पोलीस पडताळणीच्या फॉर्मपुरती. एरवी गावच माणसाला हाक मारायच्या कामी येतं. नागपूरकर शिवाजीनगर कोर्टात एका वकिलांकडे ज्युनिअर होती. कोल्हापूरकर बँकेत. मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरायची. असं असून स्वतः सही केलेला कागद मी कधी वाचला नव्हता, पण सुताराच्या घरचा पाट डुगडुगतोच. ‘लायसन्स म्हंजे काय, सांगू का?’ नागपूरकर चटईवर आडवी होऊन छताला म्हणाली. १८८२ सालचा ईझमेंट कायदा तिला तोंडपाठ होता. दुसऱ्याच्या जागेत एखादी गोष्ट करायची परवानगी. अशी गोष्ट, जी त्या परवानगीवाचून केली असती तर बेकायदा ठरली असती. बस, एवढंच. त्या जागेत आपला कसलाही हक्क निर्माण होत नाही.

मी तो विचार बराच वेळ उलटसुलट करत बसले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही रोज रात्री तिथे झोपलो, ते मुळात एक बेकायदा कृत्य होतं, ज्याला घरमालक काकांनी दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मोकळीक दिली होती. गॅलरीत केस वाळवणं, परवानगीने. ताप आला असताना दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडणं, परवानगीने. रात्री अडीच वाजता कोल्हापूरकरला परीक्षेचा निकाल कळला आणि आम्ही तिघींनी आवाज न करता, हातात चपला घेऊन हॉलभर नाच केला, तोही कायद्याच्या नजरेतून एक क्षमा केलेला अपराध. मला ही व्याख्या फार आवडली. कुणाबरोबरही एका छताखाली राहण्याची इतकी खरी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. नागपूरकर आंघोळीनंतर बादली रिकामी करायची नाही. मी पहाटे पाचला उठून भांड्यांशी बोलायची. कोल्हापूरकर फोनवर तिच्या आईशी बोलायची ते पंचगंगेच्या दुसऱ्या तीरावर ऐकू जावं असं. परवानगी नसती, तर यातली एकही गोष्ट चालवून घेण्यासारखी नव्हती.

करारातलं दुसरं एक वाक्य त्याहून मोठं निघालं. तिन्ही लायसन्सी या कराराखालच्या सर्व जबाबदाऱ्यांस ‘संयुक्तपणे तसेच स्वतंत्रपणे’ बांधील राहतील. ‘कलम ४३,’ छताकडूनच उत्तर आलं. ‘कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२.’ एकीने भाडं बुडवलं तर काका तिघींपैकी कुणाही एकीला धरू शकतात, आणि तेही तिच्या तिसऱ्या हिश्शासाठी नव्हे, तर सगळ्याच्या सगळ्या रकमेसाठी. मग तिने इतर दोघींकडून काय ते वसूल करत बसावं. कागदाने आम्हाला एकाच वेळी एक आणि तीन करून टाकलं होतं. अशी सोय मी फक्त दत्ताच्या तसबिरीत पाहिली होती. पण घरात हा कायदा कागदाच्या आधीपासून चालू होता, हेही खरं. दूध उतू गेलं की खालून काकू हाक मारायच्या, ‘अगं, दूध!’ त्या हाकेला नाव नसायचं. जी जवळ असेल ती धावायची, आणि पातेल्याचं बूड जळलेलं निघालं तर घासायची तीच, मग दूध कुणी का ठेवलेलं असेना.

करार नोंदवण्याचा सोहळाही आता आठवणीतच जमा होणार होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अशा प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची केली आणि न केल्यास घरमालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या काकांसारखा माणूस तीन महिने काय, तीन मिनिटंही नियमाबाहेर राहणं शक्य नव्हतं. त्यामुळे ठरलेल्या रविवारी सकाळी एजंट हजर व्हायचा: खांद्याला लॅपटॉप, हातात छोटा कॅमेरा आणि साबणाच्या वडीएवढं अंगठा घ्यायचं यंत्र. तीन पदवीधर मुली ओळीने अंगठाबहाद्दर व्हायच्या. आमचे अंगठे यंत्र मुकाट्याने घ्यायचं. अडायचं ते काकांच्या अंगठ्याशी. वयाने गुळगुळीत झालेला तो कोरडा अंगठा यंत्राला दिसायचाच नाही. ‘काका, जरा केसांवरून फिरवा, तेल लागलं की येतो,’ एजंट सुचवायचा. काकांच्या डोक्यावर केस नव्हते. पहिल्या खेपेला क्षणभर शांतता पसरली. मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकूंनी तो टेबलावर ठेवला आणि काही न बोलता मान किंचित खाली केली. काकांनी त्यांच्या चापूनचोपून बसवलेल्या केसांवरून अंगठा फिरवला, यंत्रावर टेकवला, आणि महाराष्ट्र शासनाने काकांना ओळखलं. पुढच्या तिन्ही वेळा कुणाला काही सांगावं लागलं नाही. चहा यायचा, मान लवायची, करार नोंदवला जायचा. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि खोबरेल तेल एक बोट.

आणि हे दर अकरा महिन्यांनी. अकराच का, हे मी एजंटला विचारलं होतं, तेव्हा त्याने ‘ताई, असंच असतं’ असं उत्तर दिलं, जे ‘चंद्र कलेकलेने का वाढतो’ यालाही चाललं असतं. कारण नागपूरकरने सांगितलं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती कटकट आणि तो खर्च टाळायला लोकांनी वर्षातला एक महिना कापून टाकला. पुढे महाराष्ट्रात अकरा काय आणि एक काय, सगळ्याचीच नोंदणी सक्तीची झाली आणि कापलेल्या महिन्याचं प्रयोजन संपलं. तरी अकरा महिने राहिलेच. शेपूट गळून गेल्यावर माणसाकडे माकडहाड राहिलं, तसे. त्यामुळे आमचं वर्ष इतरांसारखं गोल न फिरता खेकड्यासारखं मागे सरकायचं. पहिला करार २०१४ च्या १ जूनला सुरू झाला, दुसरा १ मेला, तिसरा १ एप्रिलला, चौथा १ मार्चला. पावसाच्या तोंडावर सुरू झालेलं घर उन्हाळा उलटा ओलांडत थंडीच्या दिशेला निघालं होतं. पंचांगकर्त्यांनी निदान यावर तोड काढली आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी ते अधिक मास घालून हिशेब जुळवतात. आमच्या मुक्कामातही एक येऊन गेला, २०१५ सालचा अधिक आषाढ. पण लिव्ह अँड लायसन्सच्या वर्षाला अधिक मास नाही. आहे तो फक्त जावई, म्हणजे एजंट. त्याला मात्र दर अकरा महिन्यांनी न चुकता वाण द्यावं लागतं. चार करार झाले, तेव्हा आम्ही चार वर्षं राहिलो असं सगळ्यांना सांगायचो. मोजले तर ते चव्वेचाळीस महिनेच भरतात. उरलेले चार महिने कुठे गेले, हा प्रश्न मला अजून पडतो. एखाद्या नोंदणी कार्यालयात ते एका गठ्ठ्यात, सुतळी बांधून ठेवलेले असतील असं वाटतं.

या मागे सरकणाऱ्या घराचा दोष मी माझ्या आत्याला देते. गिरगावातल्या चाळीत तिची दहा बाय बाराची खोली होती आणि ती भाडेकरू होती, अस्सल, जुन्या काळची. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवून टाकली होती, प्रमाण धरलं होतं १ सप्टेंबर १९४० चं. जग पुढे गेलं, सोनं कुठल्या कुठे गेलं, आत्याचं भाडं मात्र शाळेच्या फोटोतल्या मुलासारखं आहे त्या वयाचं राहिलं. भाडेपावत्या ती देव्हाऱ्याच्या खणात, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवायची. त्या चाळीतून कुणी घर सोडून गेल्याचं मला आठवत नाही. लोक जायचे, पण ते आडवे होऊन, आणि खोली पुढच्या पिढीला मिळायची. आणि आत्याच्या भिंतीला खिळे होते! मोजायला बसलो तर झोप लागावी इतके. छत्रीचा खिळा, पिशवीचा खिळा, तसबिरींचे, सोवळ्याच्या काठीचे, आणि एक नुसताच, ज्यावर काही नव्हतं. ‘लागला तर असावा,’ ती म्हणायची. पुढे घरमालक या जातीने आत्यासारख्यांची इतकी धास्ती घेतली, की पुन्हा कुणाला भाडेकरू म्हणून आत घ्यायचंच नाही असं ठरवलं. घ्यायचं ते परवानगी देऊन, अकरा महिन्यांपुरतं. आत्या कधी हललीच नाही, म्हणून भाचीला दर मार्च-एप्रिलमध्ये पोटात गोळा घेऊन उठावं लागलं. पिढ्यांचा हिशेब असाच चुकता होतो. आमच्या करारात नववं कलम होतं: लायसन्सी यांनी भिंतींस खिळे ठोकू नयेत. आणि बारावं: मुदतीअखेर घर, नैसर्गिक झीज वगळता, मूळ स्थितीत परत करावे.

सोडायचं निमित्त तसं साधंच होतं. नागपूरकरला तिथल्या खंडपीठात एका मोठ्या वकिलांकडे काम मिळालं. आम्ही दोघींनी एजंटला विचारलं, हिचं नाव तेवढं काढून टाकता येईल का? तो हसला. एकच नाव खोडता येत नाही. तिघी असाल तर तिघी, नाहीतर सगळंच नव्याने. मग तिसरी शोधायला बसलो. चार-पाच मुली येऊन गेल्या. एक फार टापटिपीची होती, तिने आमचा मसाल्याचा डबा उघडून बघितला आणि नुसतं ‘अच्छा’ म्हणाली. एकीने विचारलं, इथे शांतता असते ना? आम्ही दोघींनी एकदमच ‘नाही’ म्हटलं. सगळ्या मुली चांगल्या होत्या. पण प्रत्येक वेळी दार लावल्यावर आम्हाला कळायचं, की आपण तिसरी शोधत नसून तीच शोधतो आहोत, आणि ती तर आत बसून दहीभात खाते आहे. तेवढ्यात कोल्हापूरकरची सांगलीला बदली झाली आणि प्रश्नच मिटला. मी एरंडवण्यात एक खोली बघितली. करार जानेवारीच्या ३१ ला आपोआप संपणार होता, त्याला हातही लावावा लागणार नव्हता.

हात लावावा लागला तो वस्तूंना. फ्रिज जुना घेतला होता, तो जुनाच विकला. गादीवाल्याने गाद्या नेल्या. पण मिक्सरशी सगळं थबकलं. मिक्सरला तीन भांडी होती, मोठं, मधलं आणि चटणीचं, म्हणजे बनवणाऱ्याने जणू आम्हालाच डोळ्यांसमोर ठेवलेलं. एकेकीने एकेक घ्यावं, ठीक. पण मोटार कुणाची? कोल्हापूरकर म्हणाली, मोटार तू ने, आम्ही भांडी घेऊन तुझ्याकडे वाटण वाटायला येतो. सांगलीहून आणि नागपूरहून. ही तोड आम्हाला इतकी पटली की प्रत्यक्षात तसंच केलं. आजही माझ्याकडे मोटार आहे आणि फक्त चटणीचं भांडं. मसाल्याच्या डब्याची वाटणी तर करताच आली नाही. आरंभी त्यात तीन निरनिराळ्या पुड्या असायच्या: कोल्हापूरकरचं कांदा-लसूण, नागपूरकरचा सावजी आणि माझ्या आईने पाठवलेला गोडा मसाला. पहिल्या वर्षी चमचे वेगळे होते. दुसऱ्या वर्षी चमचा एक झाला. शेवटी शेवटी त्या डब्यात एक असा तपकिरी पदार्थ तयार झाला होता ज्याला कुठलाही जिल्हा आपला म्हणणार नाही, आणि आमच्या आमटीला जी चव होती ती मला नंतर, सगळं मोजूनमापून घालूनही, एकदाही आणता आलेली नाही. भाषेचंही तेच झालं. कोल्हापूरकर तिकडच्या मुलींच्या रीतीप्रमाणे स्वतःला पुल्लिंगी ठेवायची, ‘मी येतो गं’, ‘मी जेवलो’. सुरुवातीला माझ्यातली मुद्रित तपासनीस हातात लाल पेन असल्यासारखी दचकायची. मग एके दिवशी कोर्टातून आल्या आल्या नागपूरकर, ‘मेली काय उकडून राहिलंय गो!’ म्हणाली, आणि त्या एका वाक्यात दोन समुद्रांइतकं अंतर कुठे विरघळलं ते आम्हाला कळलं नाही.

राहता राहिली हिशेबाची वही. दूध, गॅस, बाईचा पगार, कुणी कुणासाठी भरलेली रिक्षा. कोल्हापूरकरने बँकेच्या इतमामाने ताळेबंद काढला. रात्री अकरा वाजता निष्कर्ष निघाला: ती मला १७ रुपये लागते, मी नागपूरकरला १७ लागते, आणि नागपूरकर तिला १७. म्हणजे कुणीच कुणाला काही लागत नाही, मी म्हटलं. ‘असं कसं? व्यवहार पूर्ण झाला पाहिजे.’ तिने पर्समधून दहाची नोट, पाचाचं आणि दोनाचं नाणं काढलं. ते तिने मला दिलं, मी नागपूरकरला दिलं, नागपूरकरने तिला दिलं. चटईभोवती एक फेरी मारून तेच सतरा रुपये पुन्हा पर्समध्ये गेले, आणि वहीवर तिने ‘निरंक’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग माझं लक्ष स्वयंपाकघराच्या दारामागे गेलं. तिथे कालनिर्णय टांगलेलं होतं. पहिलं माझ्या आईने दिलेलं, पुढची दर डिसेंबरात वाण्याकडून आणलेली. तारखांच्या चौकोनांत दुधाचे लिटर, बाईचे खाडे, कुणाची पाळी, कुणाची परीक्षा, सगळं एकमेकांत मिसळलेलं. आणि ते टांगलेलं होतं एका खिळ्यावर. ‘तो खिळा तेवढा काढ,’ मी कोल्हापूरकरला म्हटलं. ‘मी कशाला? ठोकला तिनं,’ ती नागपूरकरकडे बोट करून म्हणाली. नागपूरकर उठून बसली. ‘मी? मला तर वाटून राहिलं होतं, का हिनं ठोकला,’ म्हणजे मी. आणि मी तर पहिल्या दिवसापासून धरून चालले होते, की इतक्या बेधडकपणे नियम मोडणारी कोल्हापूरकरच. तिघींनी एकमेकींकडे बघितलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तेवढं ओळखायला चव्वेचाळीस महिने पुरे असतात. इतके दिवस प्रत्येक जणी दुसरीचा गुन्हा पोटात घालून, काका आले की मुद्दाम दार उघडं टाकून तो दाराआड ठेवत होती. उपटून टाकू आणि भोकात टूथपेस्ट भरू, ही वसतिगृहातली विद्या कोल्हापूरकरला येत होती. पण खिळा हलेना. लाटण्याने ठोकून, सांडशीने ओढून झालं, फक्त सांडशी वाकली. ‘राहू दे,’ नागपूरकर म्हणाली. ‘कलम ४३. कुणाही एकीला धरतील.’ आम्ही कालनिर्णय पुन्हा अडकवलं आणि झोपलो.

दुसरा दिवस, ३१ जानेवारी २०१८, बुधवार, माघी पौर्णिमा. त्याच कालनिर्णयात त्या चौकोनात खग्रास चंद्रग्रहण होतं. कोल्हापूरकरच्या आईचा सकाळपासून चौथा फोन येत होता: वेधात सामान हलवू नका, एक दिवस थांबा. करारात ग्रहणाचं कलम नाही, असं वकिलांचं मत पडलं. छोटा हत्ती अकराला येणार होता तो चारला आला. खालच्या मजल्यावर काकूंनी दुधात, पिण्याच्या पाण्यात तुळशीची पानं घालून ठेवली होती, आणि काका हातात यादी, कानावर पेन्सिल आणि भर उजेडात पेटवलेला टॉर्च घेऊन वर आले. १९९१ साली ही इमारत होत असताना त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः येऊन या भिंतींना पाणी मारलं होतं. नोकरीत धरणांच्या भिंतींवर जो जीव लावला, त्यातला उरलेला त्यांनी इथे लावला होता. पंखे चार, बरोबर. नळ सात, एक ठिबकतोय. बेसिनला चीर, आम्ही तिघी एकदमच ‘ती होती’ म्हणालो आणि ती खरंच होती. मग ते स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं आणि भिंतीची ओल बघायला म्हणून कालनिर्णय अलगद उचललं.

टॉर्चच्या उजेडात तो खिळा एवढा मोठा दिसेल असं वाटलं नव्हतं. ‘हा कुणी ठोकला?’ काकांनी रागावून विचारलं नाही. एखाद्या आजाऱ्याला ‘कुठे दुखतं?’ विचारावं तसं विचारलं. मी तोंड उघडलं. माझ्या दोन्ही बाजूंनाही श्वास घेतल्याचा आवाज आला. पण उत्तर दारातून आलं. ‘मी.’ काकू तिथे चौकटीला धरून उभ्या होत्या, जिना चढून धाप लागलेली. ‘आपण वर राहत होतो तेव्हा. गाळणी अडकवायला. रोज ओट्यावर ठेवली की चहाची पूड पसरायची, मग तुम्ही चिडायचात.’ काका बघतच राहिले. ‘आणि मला दिसला कसा नाही?’ ‘त्याच्यावर गाळणी होती ना,’ काकू म्हणाल्या. त्या उत्तरात लपवल्याचा पश्चात्ताप मुळीच नव्हता. एक बारीकसा अभिमानच होता, वीस-पंचवीस वर्षं मुरलेला. काकांनी खिळ्याला बोट लावलं, किंचित हलवून बघितलं. तो हलला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर, हलला नाही याचंच समाधान दिसल्यासारखं वाटलं. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि यादीच्या तळाशी, त्यांच्या त्या नकाशावर खुणा कराव्या तशा रेखीव अक्षरांत लिहिलं: खिळा, १. नैसर्गिक झीज.

अनामत ४५,००० होती. सफेदीचे काय ते वळते करून बाकीचा चेक त्यांनी तिघींच्या नावे निरनिराळा लिहिला. आमची तिघींची नावं सुट्टी सुट्टी, एकेका कागदावर, मी त्या घरात पहिल्यांदाच बघितली.

टेम्पो भरेतो सहा वाजून गेले. काका म्हणाले, चला गच्चीवर, चंद्र ग्रहण लागलेलाच उगवेल. पाण्याच्या टाक्यांच्या मधे आम्ही पाच जण पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो. काकू बघणार नव्हत्या, पण आल्या होत्या. त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि मधून मधून ‘दिसला का गं?’ विचारत होत्या. बराच वेळ नुसती धूळ आणि धूसर आभाळ. मग इमारतींच्या वर कुठेतरी, आधी आपल्या नजरेचाच डाग वाटावा असा, एक तांबूस-काळा गोल दिसायला लागला. ‘आपलं दुधाचं पातेलं,’ नागपूरकर हळूच म्हणाली. खरंच तसाच होता, बूड करपलेला, कितीही घासला तरी न निघणारा. कोल्हापूरकरने फोटो काढला आणि ‘आईला सांगू नका,’ असं आम्हाला बजावलं, जणू आमची तिची आई रोज भेटणार होती.

नागपूरकरची बस रात्रीची होती, कोल्हापूरकर टेम्पोतच पुढे बसली, मांडीवर मिक्सरचं मोठं भांडं घेऊन. त्या दोघी गेल्या ते मी नीट पाहिलंच नाही, कारण त्याच वेळी मला रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी लागली, आणि हे बरंच झालं. मग किल्ल्या द्यायला मी पुन्हा जिना चढून गेले. तीन किल्ल्या, एका कडीत, पहिल्यांदाच एकत्र. काकू दारात होत्या. आत मोरीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. मोक्षाला अजून अवकाश होता, तरी काका वेळेच्या आधीच तयारीला लागले असावेत. काकूंच्या हातात किल्ल्या ठेवल्या, वाकून नमस्कार केला, आणि जिन्याची पहिली पायरी उतरता उतरता सवयीने म्हटलं, ‘बरं काकू, मी येतो हं.’

काकू कठड्यावरून खाली वाकल्या.

‘येतो काय गं? येते म्हण. आणि म्हणे मुद्रितं तपासते.’